कढीपत्त्यावरची अळी, खिडकीतला मातीचा गोळा, भिंतीवरचा कोळी: यातलं कोण कोणाचं पिल्लू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाऊस ओसरल्यापासून ठाण्याच्या घरात आणि गॅलरीत तऱ्हेतऱ्हेचे किडे दिसू लागलेत. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी, मिरचीच्या रोपावर काळीनारिंगी खरखरीत अळी, जास्वंदीवर पांढरा कापूस आणि त्यातच चालणारं काहीतरी, खिडकीच्या चौकटीत मातीचा गोळा, भिंतीवर सरकणारी राखाडी पिशवी, बाथरूममध्ये पोटाशी पांढरी चकती धरलेला तळहाताएवढा कोळी आणि कुंडीच्या मातीत जाड पांढऱ्या अळ्या. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतोय, सगळीकडे एकदाच फवारून टाकू. फवारू द्यावं का, आणि यात धोक्याचं कोण?

मी शेताच्या बांधावर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर कीड ओळखून देण्याचं काम करते. तुमचे सातही फोटो नीट पाहिले. फवारू देऊ नका. सातांपैकी खरी कीड एकच आहे, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, आणि त्या पांढऱ्या कापसातही काहीजण तुमचंच काम करताहेत. कुंडीतल्या अळ्यांची एक सोपी परीक्षा घ्यावी लागेल, ती शेवटी सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. फुलपाखरं, भुंगेरे, माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या यांचं आयुष्य चार टप्प्यांचं असतं: अंडं, अळी, कोष आणि प्रौढ. अळी आणि प्रौढ यांचं रूप, खाणं, राहणं, काहीच जुळत नाही, म्हणून आपण त्यांना दोन वेगळे प्राणी समजतो. झुरळ, नाकतोडा, ढेकूण, झाडाचा रस शोषणारा बारीक मावा यांच्यात कोष नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईबापांसारखंच दिसतं, फक्त लहान आणि बिनपंखाचं, आणि कात टाकत टाकत मोठं होतं. कोळी तर कीटकच नव्हे; त्याला आठ पाय, शरीराचे दोनच भाग, पंख नाहीत, मिशा नाहीत. तोही पिल्लापासून कात टाकतच वाढतो. आणखी एक समज सर्रास आढळतो, की छोटी माशी म्हणजे माशीचं पिल्लू. पंख पूर्ण फुटल्यावर कीटक वाढत नाही. छोटी माशी ही वेगळ्या जातीची मोठी झालेली माशीच असते, आणि छोटं फुलपाखरू कधीच मोठं फुलपाखरू होत नाही.

आता कढीपत्ता. ही अळी लिंबाच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराची आहे. दोघंही लिंबू, कढीपत्ता, बेल या एकाच कुळातल्या झाडांवर अंडी घालतात आणि लहानपणी दोघांच्या अळ्या इतक्या सारख्या असतात की मीही घाईने नाव सांगत नाही. मादी कोवळ्या पालवीवर एकेकटं, फिकट पिवळं, गोल, जेमतेम 1 मिलिमीटरचं अंडं चिकटवते. तीन-चार दिवसांनी अळी बाहेर येते आणि बहुतेक वेळा पहिलं जेवण म्हणून अंड्याचं कवचच खाते.

या अळीला पाच अवस्था असतात. पहिल्या चार अवस्थांत ती तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा, अंगावर ओलसर चकाकी, अशी पानावर उघड्यावर बसून असते. पक्षी स्वतःची विष्ठा टिपायला येत नाहीत, तेवढ्यावर तिचा जीव वाचतो. चौथी कात टाकली की मात्र ती हिरवीगार होते, अंगावर तिरपे तपकिरी पट्टे आणि पुढच्या जाड भागावर डोळ्यांसारखे ठिपके. बरेच जण मला लिहितात, "आधीची घाणेरडी अळी गेली, आता हिरवी आलीय." गेलेली नसते, तीच असते. विष्ठेचं सोंग अंगाच्या एका मापापर्यंतच पटतं. बोटाच्या पेराएवढी अळी झाली की ते सोंग निरुपयोगी ठरतं आणि पानाचा रंग कामी येतो.

हिरव्या अळीला काडीने हळूच स्पर्श करून पाहा. डोक्यामागून दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर येईल आणि एक आंबूस, उग्र वास सुटेल. मुंग्या आणि छोट्या परजीवी माश्या यांना हाकलण्यासाठी ते असतं. तुम्हाला त्याने काही होत नाही. शिंग नारिंगी असेल तर बहुधा लिंबाचं फुलपाखरू, गडद लाल असेल तर कॉमन मॉर्मन.

पाचव्या अवस्थेतच ती सर्वात जास्त पानं फस्त करते आणि नेमकी तेव्हाच माणसं घाबरतात. पण तोवर तिचं खाणं संपत आलेलं असतं. दोन-चार दिवसांत ती पातळ विष्ठा टाकून पोट रिकामं करेल आणि झाड सोडून चालू लागेल. ग्रील, कपड्यांची दोरी, शेजारची कुंडी, कुठेही जाईल. शेपटीकडचं टोक रेशमाच्या गादीवर रोवून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन ती बसेल आणि दुसऱ्या दिवशी तिचा कोष झालेला दिसेल. हिरव्या पानांत केलेला कोष बहुधा हिरवा आणि वाळक्या काडीवर किंवा भिंतीवर केलेला तपकिरी होतो. उबदार दिवसांत आठ ते बारा दिवसांत फुलपाखरू निघतं. आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसू लागते. ते बाहेर आलं की तास-दोन तास पंख खाली सोडून वाळवत बसतं. त्या वेळात त्याला हात लावू नका, पंख कायमचे चुरगळतात.

निघालेल्या फुलपाखराच्या मागच्या पंखांना शेपटी नसेल, काळ्यावर फिकट पिवळे ठिपके असतील आणि मागच्या पंखाच्या आतल्या कडेला एक लाल ठिपका असेल, तर ते लिंबाचं. शेपटी असेल आणि काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ असेल तर कॉमन मॉर्मनचा नर. त्याची मादी मात्र तीन रूपांत सापडते. एक नरासारखीच, आणि बाकीची दोन कॉमन रोझ व क्रिमझन रोझ या दुसऱ्याच फुलपाखरांसारखी, मागच्या पंखांवर लाल नक्षी असलेली. ती दोन फुलपाखरं ईश्वरीच्या वेलावर वाढतात, तिचं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या मादीत विष अजिबात नसतं, फक्त पेहराव तसा असतो. 2015 साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, याच घराण्यातलं आहे आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळावरच वाढतात. येऊरच्या जंगलाच्या बाजूने ते ठाण्यातल्या बागांमध्ये येतं, तेव्हा तुमच्या कढीपत्त्यावर तीही शक्यता धरून ठेवा.

कधी कोषाला बाजूने बारीक गोल भोकं पडलेली दिसतात आणि फुलपाखरू काही निघत नाही. परजीवी गांधीलमाश्यांनी त्यात अंडी घातलेली होती असं समजा. निसर्गात बहुतेक अळ्या अशाच संपतात, त्यामुळे कढीपत्त्यावर त्यांची फौज क्वचितच होते. तुमचं झाड कमरेइतकं आहे, ते दोन-तीन अळ्या सहज सोसेल. जास्त असतील तर पानासकट उचलून खालच्या बागेतल्या लिंबावर किंवा बेलावर ठेवा. दुसऱ्या कुळाच्या झाडावर ठेवल्यात तर उपाशी मरतील. आणि कढीपत्त्यावर औषध मारलंत तर ते फोडणीत उतरेल, हे त्या फवारणीवाल्याला आवर्जून सांगा.

मिरचीवरची काळीनारिंगी अळी ही लेडीबर्डची, म्हणजे ढालकिड्याची. वर्षानुवर्षं मी शेतात हेच पाहत आले आहे: लाल ठिपकेदार भुंगेरा सगळ्यांना आवडतो, मुलं हातावर घेतात, आणि त्याचंच पिल्लू दिसलं की "कसली भयानक अळी" म्हणून चिरडतात. लांबट, सहा पायांची, अंगावर बारीक काटे, काळपट रंगात नारिंगी किंवा पिवळट डाग. ती पानं खात नाही, मावा खाते. मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. तिची अंडीही ओळखून ठेवा: पानाच्या मागे, माव्याच्या जवळच, पिवळी लांबट अंडी उभी, एकमेकींना खेटून लावलेली. अळी चार अवस्था काढते, मग शेपटीकडून पानाला चिकटते आणि तिथेच नारिंगीकाळा कोष होतो. तो पानावरचा डाग किंवा रोग समजून पान तोडू नका. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत दोन-तीन आठवडे पुरतात. नुकता निघालेला भुंगेरा फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा असतो, रंग आणि नक्षी काही तासांत चढते.

मावा एवढ्या लवकर का वाढतो, तेही सांगते. आपल्या उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लं देतात आणि ते पिल्लू आठवड्याभरात स्वतः आई होतं. गर्दी झाली की त्याच घराण्यात पंखवाल्या माद्या तयार होतात आणि शेजारच्या रोपावर उडून जातात. त्यांचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकावतात. म्हणून रोपावर मुंग्यांची रांग दिसली की आधी ती वाट तोडा. कुंडी भिंतीपासून थोडी दूर सरकवली तरी फरक पडतो.

इथे एक अपवाद आहे आणि तो वांगी लावणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. ढालकिड्यांतलीच एपिलॅक्ना नावाची जात पानं खाते. तिची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे असलेली. ती पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी शिल्लक ठेवते. भुंगेरा मळकट तांबूस, चकाकी नसलेला, अंगावर बारीक लव आणि पुष्कळ ठिपके, एका जातीत तर 28. पिवळी अळी आणि जाळीदार पान एकत्र दिसलं तर ती हाताने वेचून काढा. काळीनारिंगी अळी आणि जवळपास मावा असेल तर हात लावू नका.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. यातल्या मादीला आयुष्यात कधीच पंख फुटत नाहीत. मेण पांघरून ती एकाच जागी रस शोषत राहते. नर इतका बारीक आणि अल्पायुषी की तो बहुतेकांच्या नजरेलाही पडत नाही. मादीच्या मागे जो कापसाचा पुंजका दिसतो तो अंड्यांचा बटवा, त्यात शेकडो अंडी. त्यातून निघालेली बारीक पिल्लं चालत, वाऱ्याबरोबर किंवा मुंग्यांच्या मदतीने दुसऱ्या फांदीवर जातात. वाढ झालेल्या ढेकणाच्या अंगावर मेण असल्याने औषध नीट पोचतच नाही. ते लागू पडतं या कोवळ्या पिल्लांवर आणि, दुर्दैवाने, त्यांना खाणाऱ्यांवर.

तुमच्या तिसऱ्या फोटोत कापसामध्ये दोन मोठी पांढरी, झिपऱ्यांसारखे लांब तंतू असलेली पिल्लं आहेत. ती पिठ्या ढेकूण नाहीत. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी आहे. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून हा भुंगेरा भारतात आणला गेला, आणि आज आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार तो विकत आणून वेलीवर सोडतात. त्याची अळीही स्वतः पांढरं मेण पांघरते, त्यामुळे ढेकणांत बेमालूम मिसळते. ओळखायची खूण चालीत आहे. काडीने डिवचलं तर पिठ्या ढेकूण हलला तर हलतो; भुंगेऱ्याची अळी लगबगीने चालू लागते, आणि आकारानेही ती ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट असते. प्रौढ भुंगेरा छोटा, काळा, डोकं आणि शेपटीकडचं टोक विटकरी.

जास्वंदीवर अजून एक दुर्मीळ वाटणारं पण आपल्याकडे बऱ्यापैकी आढळणारं पात्र भेटू शकतं, ते म्हणजे एपफ्लाय नावाच्या छोट्या तपकिरी फुलपाखराची अळी. अळी म्हटली की पानं खाणारी, हा आपला समज ही मोडीत काढते, कारण ती पिठ्या ढेकूण खाऊन वाढते. ढेकणांचंच मेण तिच्या पाठीवर माखलेलं असतं. तिचा कोष पाहिलात तर विसरणार नाही: जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि समोरून हुबेहूब माकडाचं तोंड.

तेव्हा जास्वंदीला असं करा. जास्त माखलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका, पण कापण्याआधी या शिकारी अळ्या काडीने दुसऱ्या फांदीवर घ्या. उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, खोडाच्या सांध्यातला कापूस साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. पिल्लं निघत राहतात म्हणून आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा.

खिडकीतला मातीचा गोळा कुंभारीण माशीचा आहे. ही एकटी राहणारी गांधीलमाशी, काळीपिवळी, कमर धाग्यासारखी बारीक. तोंडात ओल्या मातीचे गोळे आणून ती घर लिंपते. फोटोत तीन नळ्या शेजारी शेजारी आणि वरून गिलावा दिसतोय, म्हणजे ही कोळी भरणाऱ्या जातीची. प्रत्येक खोलीत ती नांगीने लुळे केलेले कोळी ठासते, त्यांच्यावर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. दोन-तीन दिवसांत अळी निघते, ताज्या राहिलेल्या कोळ्यांवर पोसते, आतच पातळ तपकिरी कोष विणते आणि काही आठवड्यांनी भिंत कुरतडून बाहेर पडते. थंडीत हा काळ लांबतो. गोळ्याला गोल भोक असेल तर घर रिकामं झालंय, खुशाल खरवडा. भोक नसेल तर आत कोणीतरी आहे. दुसऱ्या जातीची कुंभारीण मान असलेला छोटा, गोल गडूसारखा मातीचा कुंभ करते. त्यात कोळी नसतात, अळ्या असतात.

आपल्या संतसाहित्यात भिंगुरटीचा, म्हणजे अशाच कुंभारीण माशीचा, दृष्टांत येतो: ती अळीला घरात कोंडते, अळी तिच्याच ध्यासाने तद्रूप होते आणि भिंगुरटी बनून बाहेर पडते. दृष्टांत म्हणून तो अजोड आहे, आणि मला त्यामागचं निरीक्षण फार मोलाचं वाटतं. कोणीतरी खरोखर बसून पाहिलं होतं, की अळी आत गेली आणि माशी बाहेर आली. मधली घडामोड मातीच्या भिंतीआड असल्याने दिसली नाही, इतकंच. आत गेलेली अळी खाल्ली जाते. बाहेर येते ती भिंगुरटीची स्वतःची लेक.

कुंभारीण सहसा डसत नाही. तिला राखायला वसाहत नसते, ती घर बांधून निघून जाते. कागदासारखं, उघड्या षटकोनी खणांचं, अनेक माश्या बसलेलं पोळं असेल तर ते वसाहतीने राहणाऱ्या गांधीलमाश्यांचं. ते दाराजवळ झालं तर जाणकाराकडूनच काढून घ्या.

भिंतीवरची राखाडी पिशवी हा या दिवसांत मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. भोपळ्याच्या बीसारखी चपटी, दोन्ही टोकांना उघडी, सेंटिमीटरभर लांब. आत एका बारीक पतंगाची अळी राहते. रेशीम, धूळ, वाळूचे कण, भिंतीचा चुरा यांची ती पिशवी विणते आणि घेऊन फिरते. दोन्ही टोकांतून तोंड काढू शकते, त्यामुळे पिशवी कधी इकडे, कधी तिकडे चालताना दिसते. जुनी जळमटं, गळलेले केस, मेलेल्या किड्यांचे अवशेष आणि लोकरीचे धागे हे तिचं खाणं. सुमारे दीड महिना असा काढून ती पिशवीतच कोष करते आणि दीड-दोन आठवड्यांनी पुसट ठिपक्यांचा छोटा राखाडी पतंग बाहेर येतो. ना चावते, ना रोग पसरवते. ओल आणि जळमटं दोन्ही जिथे असतात तिथे ती वाढते, म्हणून मुंबई-ठाणे-कोकणात जास्त. कपाटामागची आणि पंख्यावरची जळमटं काढा, लोकरीचे कपडे उन्हात टाका. फवारणीने पिशवीतल्या अळीचं विशेष बिघडत नाही.

बाथरूममधला कोळी ही मादी आहे. ही जात जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर पळत शिकार करते, आणि तिची मुख्य शिकार झुरळं. पोटाशी धरलेली पांढरी चकती म्हणजे तिची अंडी, दोनशेच्या आसपास. सुमारे महिनाभर ती चकती घेऊन फिरते. पिल्लं चकतीच्या आतच पहिली कात टाकतात आणि मग बाहेर पडून पांगतात. त्यातली फार थोडी जगतात, तेव्हा दोनशे कोळ्यांची कल्पना करून झोप उडवू नका. नर अंगाने बारीक, पाय अधिक लांब. हातात धरलं, दाबलं तर ती चावेल आणि दुखेल, पण जिवाला धोका नाही. नको असेल तर वरून रुंद डबा ठेवा, खालून कागद सरकवा आणि जिन्यात सोडा. चकती असताना शक्यतो हलवू नका. घाबरून ती टाकून पळते.

दाराच्या मागे कधी मेलेला कोळी दिसला तर तो बहुधा मेलेला नसतो. डोक्याकडचं झाकण उघडलेलं आणि आतून पोकळ असेल तर ती टाकलेली कात आहे. वाढत्या वयात पाय तुटला तर पुढच्या कातीत तो पुन्हा फुटतो, आधी लहान आणि मग मोठा. छताच्या कोपऱ्यात लांब नाजूक पायांचे कोळी असतात, धक्का लागला की जाळ्यात थरथरतात. त्यांची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून असते. भिंतीवर उडी मारून डास-माश्या पकडणारा, मान वळवून तुमच्याकडे पाहणारा छोटा कोळी खिडकीच्या फटीत रेशमाची पांढरी टिकली विणून त्यात अंडी घालतो आणि आई तिथेच पहारा देते. हे सगळे ठेवण्यासारखे आहेत. जळमट म्हणजे बहुतेक वेळा सोडून दिलेलं जाळं, तेवढं झाडा.

मृगाचा किडा आठवतो का? पहिल्या पावसानंतर मातीवर चालणारा लाल मखमली गोळा. त्यालाही आठ पाय असतात. तो कोळ्यांचा नातलग आहे, माइट. गंमत अशी की अंड्यातून निघतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात आणि तो नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून राहतो. पुढच्या अवस्थेत आठ पाय येतात आणि तो मातीत इतर किड्यांची अंडी खात फिरतो. तेव्हा नुसते पाय मोजून निकाल देता येत नाही.

अंगावर पाणी भरलेले फोड आले की "रात्री कोळी फिरला" असं घराघरांत म्हणतात. पावसाळ्यात असे फोड येतात त्यांतल्या पुष्कळांमागे कोळी नसतो. एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा भुंगेरा असतो, पिडेरस. तो सेंटिमीटरपेक्षा लहान, मुंगीसारखा दिसतो आणि ट्यूबलाइटकडे येतो. तो डसत नाही. मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्या अंगातला द्रव कातडीला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी चिरडल्याच्या रेषेत लालसर पट्टा व फोड उठतात. दिसला तर फुंकरीने उडवा, चुकून चिरडला तर ती जागा लगेच साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका. फोड आलेच तर डॉक्टरांना दाखवा, कारण नागीणही अशीच रेषेत उठते आणि तिचे उपचार वेगळे आहेत. तुमच्या फोटोंत हा नाही, पण घरातल्या सगळ्यांना ओळखता यायला हवा असा किडा हाच.

आता पेस्ट कंट्रोल. बाथरूममध्ये एवढा मोठा कोळी पोसला जातोय म्हणजे झुरळं आहेतच. मोठं तांबूस झुरळ आपली अंड्यांची डबी, सुमारे 16 अंड्यांची, एक-दोन दिवसांत कुठेतरी फटीत चिकटवून टाकतं. स्वयंपाकघरातलं छोटं, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ 30 ते 40 अंड्यांची डबी पिल्लं निघण्याच्या बेतापर्यंत शेपटीला बाळगतं, आणि दोन-तीन महिन्यांत नवी पिढी तयार. फवारा डबीच्या आत पोचत नाही, म्हणूनच महिन्याभराने "परत झाली" अशी तक्रार येते. पांढरं झुरळ दिसलं तर ती निराळी जात नव्हे, नुकतीच कात टाकलेलं झुरळ आहे. आणि खिडकीपाशी एक काळी, छोटी, पोट सारखं वरखाली हलवणारी माशी दिसली तर तिला मारू नका. ती झुरळाच्या डबीत अंडं घालते, तिची अळी आतली सगळी अंडी खाते. त्या माणसाला सांगा, फवारा नको, फक्त बिजागऱ्या, सिंकखालचा भाग आणि फ्रिजमागच्या फटींत जेल लाव, आणि महिन्याने पुन्हा ये. गॅलरीत पाऊल नको.

राहिल्या कुंडीतल्या पांढऱ्या अळ्या. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की सगळ्यांच्या मनात हुमणी येते, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्यांना तिने दिलेला त्रास पाहता ते साहजिक आहे. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि मातीत अंडी घालतात. अळी पुढचे कित्येक महिने मुळं खाते, जमिनीतच कोष होतो, भुंगेराही पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच थांबतो. वर्षाला एकच पिढी. म्हणून शेतकरी त्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात. अळी झाल्यावर गाठणं अवघड.

पण गॅलरीतल्या कुंड्यांत, विशेषतः घरचं कंपोस्ट घातलेल्या, बहुतेक वेळा फुलभुंगेऱ्याच्या अळ्या निघतात. त्या कुजलेला पाला खातात आणि खताचे बारीक दाणे करून ठेवतात. परीक्षा अशी: दोन-तीन अळ्या सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. पाठीवर उताणी होऊन, पाय आकाशाकडे करून सरकू लागली तर फुलभुंगेऱ्याची. पायांवर किंवा कुशीवर रखडत चालली तर हुमणीची असण्याची शक्यता मोठी. ती कुंडी उपसा आणि अळ्या वेचा. गावी शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड अळ्या सापडल्या तर त्या बहुधा गेंडा भुंग्याच्या, आणि जवळ नारळ असतील तर खत वेळेवर पालथं करून त्या काढायलाच हव्यात, कारण तो भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. उताण्या चालणाऱ्या अळ्या मात्र कुंडीतून काढून कंपोस्टच्या डब्यात टाका; कुंडीत पाला संपला तर कोवळ्या मुळांना धक्का लागू शकतो, डब्यात त्यांना खायला भरपूर आहे.